दुमजली पलंगाचं शुद्धिपत्र

माझ्या वडिलांच्या अक्षरातला एक कागद आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर तीन दिवस टाचलेला होता आणि त्याच्या डोक्यावर लाल शाईने लिहिलं होतं, 'पुरावा क्रमांक एक'. बाबांनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यांच्या हातचा कागद कुणी फलकावर लावलाच, तर तो आदर्श उत्तरपत्रिका म्हणून लावावा, इतकीच माझी अपेक्षा होती.

तो कागद म्हणजे मुलांच्या दुमजली पलंगाचा आराखडा. शेवटचं वर्ष आई-बाबा आमच्याकडेच राहिले. बाबांनी नातवंडांना शब्द दिला होता, की खाली एक, वर एक असा लाकडी पलंग करू आणि वर कोण झोपणार ते चिठ्ठी टाकून ठरवू. चौकटींच्या वहीचं पान फाडून त्यांनी पलंग काढला, प्रत्येक फळीशेजारी माप लिहिलं, खाली खोलीची मापं लिहिली आणि पान घडी घालून खिशात ठेवलं. ते गेल्यावर सदऱ्याच्या खिशात मला ते सापडलं.

आता खरं कारण सांगून टाकते. शेवटच्या महिन्यांत बाबा गोष्टी विसरायला लागले होते. चष्मा, किल्ली, एकदा तर घराचा मजला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. नातेवाईक म्हणाले, डोकं गेलं. भेटायला आलेल्या एक बाई चहा पिता पिता म्हणाल्या, "गणिताचे मास्तर, आणि शेवटी दोन अधिक दोन येईना." त्यांचा कप मी जरा लवकरच उचलला. पण वाक्य राहिलं ते राहिलंच. म्हणून ठरवलं, की हा पलंग करायचा आणि या पानावर लिहिलंय तसाच करायचा. एकही आकडा बदलायचा नाही. पलंग उभा राहिला, की तो साऱ्या जगाला दिसेल. निदान त्या बाईंना तरी बोलावून दाखवता येईल.

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधून पोट भरते. आमच्या धंद्यात एक कडक नियम आहे: लेखक हयात असेल तर शंका समासात लिहून पाठवायची, नसेल तर मजकुराला हात लावायचा नाही. हा नियम पुस्तकांसाठी उत्तम आहे. सुतारकामाला तो किती मानवतो, याचा अभ्यास माझ्याआधी कुणी केलेला दिसत नाही.

"सुतार बोलवू या," नवरा म्हणाला.

"बाबा स्वतः करणार होते. आपण करू."

"मला स्क्रू आणि खिळा यांतला फरक आत्ता आत्ता कळायला लागलाय गं."

"मग अर्धं काम झालंच."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांची टेप घे. डब्यात आहे."

बाबांची टेप म्हणजे शिंपी वापरतात तसली कापडी, पिवळी. ती बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात होती, घट्ट गुंडाळून वर रबर लावलेली. ते वेटोळं बाबांनी घातलेलं होतं. ते सोडलं असतं, तर पुन्हा त्यांच्यासारखं कुणाला घालता आलं नसतं. म्हणून मी डबा बंद करून कपाटात वरच्या फळीवर ठेवला आणि बाजारातून नवी पोलादी टेप आणली. आईला सांगितलं, अचूकतेसाठी.

"बरं," आई म्हणाली. माझ्या आईचा 'बरं' हा शब्द पुढे कधीतरी उपयोगी पडावा म्हणून जपून ठेवायचा असतो.

पहिला अडथळा आला तो परवानगीचा. आमच्या इमारतीत ठोकाठोकी करायची तर कमिटीकडे अर्ज करावा लागतो. मी अर्जातले रकाने प्रामाणिकपणे भरले. बांधकामाचं स्वरूप: दुमजली. साहित्य: लाकूड. राहणार किती: दोघे. प्रयोजन: निवासी.

संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः आले. हे गृहस्थ शिक्का खिशात घेऊन फिरतात, जसं दुसरं कुणी पेन घेऊन फिरेल.

"तुमच्या घरात दुमजली बांधकाम करता येणार नाही," ते दारातूनच म्हणाले. "वरच्या मजल्याचे हक्क कमिटीकडे असतात."

"पलंग आहे तो. मुलांचा."

"मग तसं लिहायचं. तुम्ही तर शुद्धलेखनवाल्या."

"पलंगासाठी रकानाच नव्हता."

त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला. "फर्निचर हा रकाना दुसऱ्या अर्जात आहे. पण तो फक्त बाहेरून आणलेल्या फर्निचरसाठी. घरात जन्मलेल्या फर्निचरचा अर्ज नाही." शेवटी त्यांनी 'दुमजली'वर काट मारून 'उंच' लिहिलं, शिक्का मारला आणि जाताना बजावलं, "ठोकणं दहा ते एक. आणि लाकूड लिफ्टमधून न्यायचं नाही. माणसं न्यायची."

मग आम्ही वखारीत गेलो. वखारवाल्याने आराखडा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"या आडव्या पट्ट्या, ज्यांच्यावर गादी टाकणार, त्या सात इंच रुंद?"

"हो."

"सात इंच म्हणजे पट्टी नाही ताई, फळी झाली. आणि दोन पट्ट्यांमध्ये सहा इंच फट? कोण झोपणार आहे यावर?"

"मुलं."

"मोठी आहेत का?"

"पाच आणि आठ."

"वजन नाही विचारत, रुंदी विचारतोय."

मी त्याला सांगितलं, की आराखडा करणारे गणिताचे शिक्षक होते. तो नम्र झाला. गणिताच्या शिक्षकांबद्दलची भीती माणूस वखारीचा मालक झाला तरी जात नाही. त्याने मुकाट्याने फळ्या मोजून दिल्या, पण गाडीत लाकूड चढवताना पुटपुटलाच, "सहा इंचांतून मांजर जातं."

खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनीयर राहतात. त्यांनी हयातभर पूल बांधले, म्हणून सारी इमारत त्यांना पूलकाका म्हणते. आम्ही खांब जिन्यावरून चढवत असताना ते दारात उभे होते आणि आम्ही घरी पोचायच्या आत आमच्या घरी पोचले होते. जगात काही लोक मदत करतात, काही सल्ला देतात. पूलकाका पाहणी करतात.

त्यांनी आराखडा टेबलावर पसरला, चारही कोपऱ्यांवर आमचे चार कप ठेवले आणि पेन्सिल कानावरून काढली.

"जमिनीपासून खालच्या पट्ट्या चौदा. गादी आठ. गादीच्या वर मोकळी जागा अडतीस. वरची चौकट आठ. तिच्यावर कठडा चौदा. किती झाले?"

"ब्याऐंशी," थोरली म्हणाली. आजोबांची शिष्या.

"आणि खांबाची एकूण उंची लिहिलीय सहासष्ट." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "सोळा इंच गेले कुठे?"

नवरा माझ्याकडे पाहत नव्हता, म्हणजे तो काय विचार करतोय ते मला कळलं.

"आणि गादी आठ इंचांची?" पूलकाका पुढे गेले. "मुलांच्या गाद्या चार इंचांच्या दिसतायत मला. आणि ही मोकळी जागा. शेजारी लिहिलंय 'बसून'. पोरं बसली तर पंचवीस-सव्वीस इंचांत बसतील. अडतीस कशाला? अडतीसमध्ये उंट बसेल."

"उंट," धाकटा म्हणाला आणि हा प्रकार त्याला प्रथमच आवडला.

मी भिंग आणलं. आमच्या धंद्यात आकडा जुळेना, की आधी अक्षर तपासतात. नऊचा सात होतो, तीनचा दोन होतो. पण बाबांचं अक्षर फळ्यावर घडलेलं, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं. सहा हा सहाच होता, दोन्ही वेळा.

"गादीचं म्हणाल तर," मी म्हणाले, "एकावर एक दोन गाद्या अभिप्रेत असाव्यात."

"आणि सोळा इंच?"

"त्यामागे काहीतरी विचार असणार."

"अगं," नवरा हळूच म्हणाला, "शेवटी शेवटी त्यांचं जरा..."

"खांब किती लांबीचे आणलेत?" मी विचारलं.

"सात फुटी."

"मग ब्याऐंशीला कापू. जास्त झाले तर कमी करता येतात."

नवऱ्याने वाक्य गिळलं. हा माणूस मला त्या क्षणी फार आवडला, पण ते सांगायची वेळ नव्हती, कारण पूलकाका त्याला करवत कशी धरावी हे शिकवू लागले होते आणि शिकवताना त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलाची कड कापली.

दोन आठवडे रोज दहा ते एक आम्ही सुट्या घेऊन पलंग केला. पहिल्या आठवड्यात मी अंगठ्यावर हातोडी मारली, नवऱ्याने माझ्या त्याच अंगठ्यावर मारली. रंध्याचा भुसा भातात सापडला. सेक्रेटरी रोज एकला पाच कमी असताना दारात घड्याळ घेऊन उभे. एके दिवशी शेवटचा ठोका एक वाजून एक मिनिटाने पडला, त्याची लेखी समज आली. तीत 'हातोडी' शब्द चुकला होता. मी तो सुधारून परत पाठवला. त्यानंतर आमचे संबंध बिघडले.

अखेर मुलांच्या खोलीच्या मधोमध पलंग उभा राहिला. त्याचं वर्णन करायचं तर तो पलंग कमी आणि टेहळणीचा बुरूज जास्त होता. सात इंची पाच फळ्यांत एकेक मजला संपला होता. शिडीच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर लिहिल्याप्रमाणे तेरा इंच होतं. धाकट्याने एका पायरीवर पाय ठेवला, दुसरी शोधली आणि तो तसाच लोंबत राहिला. वरच्या मजल्यावर बसलं, की पंखा कानाशी येत होता, म्हणून पंखा कायमचा बंद केला. मग शिडीऐवजी नवऱ्याने धाकट्याला उचलून वर ठेवलं, जसं आपण हिवाळी पांघरुणं माळ्यावर ठेवतो. गादी अजून टाकायची होती. तो दोन फळ्यांमधल्या फटीत पाय सोडून बसला, मग कमरेपर्यंत आत गेला, मग अलगद सरकून खालच्या मजल्यावर आला आणि तिथल्या फटीतून जमिनीवर.

"परत," तो म्हणाला.

थोरली कमरेवर हात ठेवून सगळं पाहत होती. "आजोबांनी असा काढला होता?"

"तंतोतंत," मी म्हणाले.

"मग आजोबांचं चुकलं."

मुलं कप धरून बोलत नाहीत, त्यामुळे उचलायला काही नव्हतं. मी म्हणाले, "कोपऱ्यात लावला, की बरोबर दिसेल."

बाबांनी पलंगाची जागा ठरवली होती: भिंत आणि कपाट यांच्यामधली. आराखड्याच्या खाली स्पष्ट होतं, 'भिंत ते कपाट ७१'. पलंग सत्तर. एक इंच मोकळा. आम्ही तिघांनी, म्हणजे मी, नवरा आणि पूलकाकांचा आवाज यांनी, पलंग ढकलला. एक टोक गेलं, दुसरं कपाटावर आदळलं. पुन्हा ढकलला. कपाटाचं दार निखळलं.

मी नव्या टेपने जागा मोजली. सदुसष्ट.

पुन्हा मोजली. सदुसष्ट.

कपाट भिंतीत बांधलेलं होतं, ते सरकणं शक्य नव्हतं. मी कागद हातात घेऊन भिंतीकडे पाहत राहिले. बेरजेबद्दल वाद घालता येतो. समोर उभ्या असलेल्या भिंतीबद्दल काय म्हणणार?

तेव्हा पूलकाका एकदम गप्प झाले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. त्यांनी माझ्या हातून टेप घेतली, आराखडा घेतला आणि दाराकडे गेले. "दार चौतीस लिहिलंय," ते म्हणाले. मोजलं. तीस. खिडकीकडे गेले. "खिडकीची कड जमिनीपासून चाळीस." मोजलं. छत्तीस.

"सगळीकडे चार इंच कमी," ते पुटपुटले. "मास्तरांनी हे कधी मोजलं होतं?"

"सहा महिन्यांपूर्वी."

"मास्तर चुकतील असं वाटतं तुला?"

"नाही," मी म्हणाले. दोन आठवड्यांत हा प्रश्न मला प्रथमच कुणी असा विचारला होता.

"मग इमारत आकसतेय."

आता इथे माझ्या जागी शहाणं माणूस असतं, तर हसलं असतं. पण एका बाजूला बाबा आणि एका बाजूला सहा मजल्यांची इमारत, यांतलं कोण चुकलं असा प्रश्न असेल, तर माझं मत आधीच ठरलेलं होतं. मी कागद पूलकाकांना दिला. कागद सेक्रेटरींकडे गेला, त्यावर शिक्का बसला, लाल शाई बसली आणि तो फलकावर चढला. शेजारी सूचना: इमारतीचं आकुंचन होत असल्याचं निदर्शनास आलं आहे. रहिवाशांनी गच्चीवर गर्दी करू नये, जड वस्तू हलवू नयेत, घाबरू नये.

लोक लगेच घाबरले. ज्यांच्याकडे घर घेतानाचे नकाशे होते, ते नकाशे घेऊन जिन्यात बसले. कुणाचं दार घट्ट बसायला लागलं होतं, कुणाला गेल्या वर्षापासून आपली खोली लहान वाटत होती. चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना आपला सदरा तंग होण्याचं कारण सापडलं. पूलकाकांनी याला 'एकसमान आकुंचन' असं नाव दिलं. तीस इंचांचं दार आणि सदुसष्ट इंचांची जागा, दोन्ही नेमकी चारच इंच कशी आकसली, हे विचारणारा माणूस गावात एकच होता आणि तो सहा महिन्यांपूर्वी गेला होता.

तिसऱ्या दिवशी कमिटीची सभा आमच्याच घरी भरली, कारण घटनास्थळ आमचं होतं. सेक्रेटरी पलंगाच्या खालच्या मजल्यावर बसले, त्यांचा शिक्का फटीतून खाली पडला. धाकटा तो आणायला फटीतून गेला. इमारत रिकामी करावी की काय, यावर चर्चा आली. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"एवढं काय मोजताय?" तिने विचारलं.

"आजी," पूलकाका गंभीरपणे म्हणाले, "मास्तरांची मापं आणि आजची मापं यांत चार इंचांचा फरक आहे."

"असणारच," आई म्हणाली. "साखर कमी कुणाला?"

"असणारच म्हणजे?"

आईने ट्रे ठेवला, आत गेली, स्टुलावर चढली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. मी उठले, पण तोवर तिने रबर काढलं होतं. बाबांनी घातलेलं वेटोळं सुटलं आणि टेप तिच्या मांडीवर पसरली. तिने टोक सगळ्यांपुढे धरलं. त्यावर एक नव्हता, दोन नव्हता, तीन नव्हता. टेप चारच्या रेघेपासून सुरू होत होती.

"पहिले चार इंच नाहीतच," आई म्हणाली. "ते या टेपने मोजायचे, येईल तो आकडा लिहायचे आणि याच टेपने कापायचे. घरातली मांडणी, स्टुलं, सगळं असंच केलंय. तीस वर्षं. कधी काही डुगडुगलं नाही."

पूलकाकांनी पेन्सिल काढली. चौदाचे दहा, आठाचे चार, अडतीसचे चौतीस, आठाचे चार, चौदाचे दहा.

"बासष्ट," थोरली म्हणाली. "आणि सहासष्टचे पण बासष्ट."

पूलकाकांनी बेरीज खालून वर पुन्हा करून पाहिली. मग म्हणाले, "मास्तर बरोबर आहेत." आणि आकसणारी इमारत सोडून द्यावी लागल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं.

"आई, तू आधी का नाही सांगितलंस?"

"म्हटलं होतं ना, त्यांची टेप घे. तू म्हणालीस, अचूकतेसाठी. मी म्हटलं, बरं."

"पण बाबांनी नवी टेप का नाही घेतली? टोक कापलं कुणी?"

आई कप भरत होती. "तूच. आठ-नऊ वर्षांची असशील. पुस्तकात खूण ठेवायला काही मिळेना, म्हणून कात्रीने कापलंस. मी ओरडणार होते. ते म्हणाले, राहू दे, वाचतेय ना. आता ही चारपासून सुरू होते, एवढंच लक्षात ठेवायचं."

मला यातलं काही आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. मी भुश्याची सुपली उचलून स्वयंपाकघरात गेले. तिथे भुसा नव्हता, पण तेवढं कारण पुरलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पलंग सुटा केला आणि पुन्हा केला. मोजायला कापडी टेप, धरायला आई. सात इंची फळ्या उभ्या चिरल्या, तर एकीतून तीन इंचांच्या दोन पट्ट्या निघाल्या. कमी पडलेल्या पट्ट्या देताना वखारवाला म्हणाला, "आता कशी पट्टीसारखी पट्टी." फटी दोन इंचांच्या झाल्या, त्याबद्दल धाकटा दोन दिवस बोलला नाही. पंखा पुन्हा सुरू झाला. पलंग कोपऱ्यात सरकवला, तेव्हा एक इंच मोकळा राहिला. वर कोण झोपणार याची चिठ्ठी टाकली. थोरलीचं नाव निघालं. धाकट्याने चिठ्ठ्या तपासायची मागणी केली, ती सेक्रेटरींकडून शिकलेली होती.

फलकावर नवी सूचना लागली: इमारत आकसलेली नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व. 'गैरसोयी' बरोबर लिहिलं होतं. बाबांचा कागद परत आला, शिक्क्यासकट. मी पेन घेतलं आणि त्याच्या तळाशी लहान अक्षरात आमच्या धंद्याला शोभेलशी ओळ लिहिली: 'शुद्धिपत्र. सर्वत्र चार इंच कमी वाचावेत. चूक मुद्रितशोधकाची.'

कागद ठेवताना पुन्हा ते माप दिसलं. 'बसून ३८'. म्हणजे चौतीस. पूलकाकांचा उंट गेला, तरी चौतीस पोरांना जास्तच होतं.

"आई, गोष्ट," खालच्या मजल्यावरून धाकट्याने हाक मारली. मी पुस्तक घेतलं आणि सवयीने वाकून, मान आत घालून त्याच्याशेजारी बसले. मग पाठ दुखली म्हणून सरळ झाले. डोक्याला काही लागलं नाही. हात वर नेऊन पाहिलं. डोकं आणि वरची पट्टी यांच्यामध्ये माझी दोन बोटं मावत होती.

तेव्हा तो दिवस आठवला. मी या खोलीत जमिनीवर, याच गादीवर बसून मुद्रितं तपासत होते. बाबा मागून आले आणि म्हणाले, "जरा ताठ बस. मान वर." माझ्या पाठीला काहीतरी कापडी लागलं. मी वैतागून म्हणाले, "बाबा, काम आहे मला, काय मोजताय?" ते म्हणाले, "झालं, झालं," आणि खिशातून पान काढून काहीतरी लिहिलं.

"वाच ना," धाकटा म्हणाला.

वरून थोरलीचं डोकं उलटं लोंबलं. "मला ऐकू येईल असं वाच."

मी ताठ बसले आणि पहिलं पान उघडलं.